मिंझाच्या मानेचा पट्टा

मिंझा डोक्यावरच्या घमेल्याला कधी हात लावत नसे. सकाळी सरोवराकाठच्या म्वांझाच्या बाजारातून रताळी, शेंगा, कधी वाळवलेली बारीक मासळी भरून ती इगोगोचा चढ चढत आमच्या गल्लीत यायची, तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे असत. एका हाताने कमरेला गुंडाळलेल्या कांग्याच्या कापडाचं टोक खोचायचं आणि दुसऱ्याने बोलायचं. बोलताना तिला हात लागतच. वाटेत कुणी वडीलधारं भेटलं की सुकुमा जमातीच्या रीतीप्रमाणे गुडघ्यात वाकून नमस्कार. तोही उरकल्यासारखा नाही, पूर्ण वाकून. घमेलं जागचं हलत नसे.

नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली विचारायच्या, "कुल्वाच्या आई, तुमची चुंबळ कसली आहे हो?"

चुंबळ साधीच होती, जुन्या कांग्याला पीळ देऊन केलेली. "चुंबळीत काही नाही गं," ती म्हणायची, "मान विसरायची. मान आठवली की घमेलं पडतं."

तिला सगळे कुल्वाची आईच म्हणत. जुळ्या मुली झाल्या, त्यांतली पहिली कुल्वा. दुसरी, दोतो, दार-एस-सलामला शिवणाच्या कारखान्यात लागली होती आणि कुल्वा सरोवरापलीकडे सेंगेरेमाला नांदत होती. नवरा मबुला होड्या बांधणारा सुतार. दिवसभर फळ्यांशी बोलत असल्यामुळे घरी येऊन त्याला फारसं बोलायचं उरत नसे.

त्या वर्षी कुल्वाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे ती माहेरी येणार. मिंझाने आधीपासूनच जळण रचून ठेवायला सुरुवात केली, दोन कोंबड्या विकायच्या नाहीत असं मबुलाला बजावलं आणि मोठं पिंप घासून लख्ख केलं. बाळंतपण म्हणजे पाणी. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते चढाच्या पायथ्याशी, तिथून ते डोक्यावरून वर आणायचं. बाळंतिणीची अंघोळ, बाळाची अंघोळ, दुपट्यांचं धुणं, येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा. पाणी आणू शकणारी आई असेल तरच ते माहेर.

आणि मग तो दालादाला.

बाजारातून परतताना ती मिनीबसमध्ये बसली होती. घमेलं सीटखाली सरकवलेलं. गाडी थांब्यावर उभी होती, कंडक्टर अजून दोन माणसं कोंबायच्या खटपटीत होता. मिंझा मान वळवून मागच्या बाईशी बोलत होती. त्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती, आणि कोंबडी अंड्यावर आहे की नाही असा काहीतरी विषय होता. तेवढ्यात मागून एक ट्रक येऊन धडकला. फार जोरात नाही. काच फुटली नाही, रक्त आलं नाही, कोंबडीसुद्धा मांडीवरून उडाली नाही. मिंझाचं डोकं मात्र असं मागे गेलं आणि पुढे आलं, की घमेल्याला धरायला म्हणून तिचे हात डोक्याकडे गेले. घमेलं तर पायाशी होतं.

ती उतरली, लोकांबरोबर तिनेही ट्रकवाल्याला चार शब्द सुनावले, घमेलं डोक्यावर घेतलं आणि चालत घरी आली. रात्री मक्याच्या पिठाची उगाली शिजवली. सकाळी उठायला गेली, तर मान लाकडासारखी.

मबुलाने तिला दवाखान्यात नेलं. फोटो काढला. हाड मोडलेलं नव्हतं, हातांना मुंग्या नव्हत्या. गर्दी इतकी होती की डॉक्टर गोळ्या लिहिता लिहिताच बोलला, "मान हलवत राहा, बरं वाटेल." हे वाक्य तिने ऐकलं असेल-नसेल, कारण तेव्हा तिला एवढं दुखत होतं की डॉक्टरचा शर्ट कुठल्या रंगाचा होता हेही तिला नंतर सांगता आलं नाही.

गल्लीला मात्र सगळं सांगावं लागलं. आमच्याकडे कुणाला काही झालं की घराघरांतून माणसं 'पोले', म्हणजे 'फार वाईट झालं', म्हणायला येतात. रिकाम्या हाताने यायचं नाही, उभ्या उभ्या जायचं नाही, आणि आजाऱ्याने झालेली गोष्ट पहिल्यापासून सांगायची. ऐकणाऱ्याने योग्य जागी जिभेने चुकचुकायचं. सांगितली नाही तर आलेल्या माणसाचा अपमान. मिंझासारख्या रीतभातीच्या बाईकडून तो होणं शक्य नव्हतं. रोज दुपारी अंगणातल्या बाकावर बसून ती कोंबडीपासून सुरुवात करायची, आणि ट्रकपाशी आली की दर वेळी तिची मान आपोआप ताठ व्हायची.

येणारी माणसं प्रेमाची होती. कुणी दूध आणलं, कुणी शेंगांचं कूट, कुणी कोळसा. त्याबरोबर प्रत्येकाने एकेक मानही आणली.

"माझ्या मामेभावाचं अस्संच झालं होतं. वरून काही दिसत नव्हतं. आता दहा वर्षं झाली, मान वळत नाही. रस्ता ओलांडायचा तर पूर्ण गरकन फिरतो."

"आमच्या चर्चमधल्या त्या गाणाऱ्या बाई नव्हत्या का? त्यांचा आवाजच गेला."

"तू आणखी डोक्यावर ओझं घेणारी! ती शीर एकदा दुखावली की संपलं."

त्या दालादालातली कोंबडीवाली बाईही पत्ता शोधत आली. बिचारी चांगली होती. "मलाही धरलं होतं हो, इथे, खांद्यापर्यंत," ती म्हणाली. "पण रताळी काढायची होती. हळूहळू काढत गेले, आणि कधी सुटलं कळलंही नाही." सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती रिकाम्या हाताने आली होती. कुणी तिला पुढचं विचारलं नाही. चहा पिऊन ती गेली.

मग न्क्विंबा आजी पट्टा घेऊन आल्या. गल्लीतलं सगळ्यांत वडील माणूस. त्यांचा शब्द आणि त्यांची शेळी, दोन्ही कुठेही शिरतात. पट्टा मानेला लावायचा, जाड स्पंजचा, कधीकाळी पांढरा असावा. तो आधी एका हेडमास्तरांचा होता, मग आजींच्या दिवंगत नवऱ्याचा, मग जिन्यावरून पडलेल्या शेजारच्या सुनेचा.

"या पट्ट्याने या गल्लीच्या माना सांभाळल्यात," आजी म्हणाल्या. "काढू नको. झोपतानाही काढू नको."

मिंझाने गुडघ्यात वाकून तो दोन्ही हातांनी घेतला. आणि तो तिच्या मानेवर राहिला.

पहिल्या आठवड्यात पट्ट्याने बरं वाटलं, त्यात काही खोटं नाही. पण पाऊस येऊन गेला, लोकांची रताळी लावून झाली, तरी पट्टा होताच. मिंझा आता लाटणं उभं करून ठेवावं तशी दिसायची. बाजाराचा धंदा बंद. पाणी शेजारणी आणत, केरवारा मबुला करी, आणि कुणी तिला रिकामी वाटीसुद्धा उचलू देत नसे. झोप नीट लागत नव्हती. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की बसल्या जागी तिचे दोन्ही खांदे कानांपर्यंत जात. आणि ती बोलताना हात हलवेनाशी झाली होती. मला हे सगळ्यांत आधी खटकलं. हात मांडीवर पडलेले असायचे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

सेंगेरेमाहून विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच शेंगा सोलत होते. विहीणबाई सरळ बोलणाऱ्या. फोन इतका मोठ्याने, की शेजारच्या दोन घरांनी ऐकला असेल.

"पट्टा अजून आहे म्हणतात."

"आहे," मिंझा म्हणाली.

"मग असं करू या, कुल्वाला इथेच ठेवते. माझ्या भावाची सून येईल मदतीला. तुम्ही जिवाला जपा. मान का अशी खेळायची गोष्ट आहे?"

"पहिलं बाळंतपण आहे हो, विहीणबाई."

"म्हणूनच तर म्हणते. तिला पाणी कोण देणार? तुम्हालाच कुणीतरी देतंय."

 पलीकडून विहीणबाईंचा सुस्कारा ऐकू आला. त्या वाईट बाई नव्हत्या.

"बरं. दिवस भरत आले की मी स्वतः घेऊन येते तिला. माझ्या डोळ्यांनी बघते. नाही जमण्यासारखं दिसलं तर त्याच फेरीबोटीने परत नेईन. राग मानू नका."

मबुला संध्याकाळी आला, त्याने ऐकून घेतलं. "त्या चुकीचं काय बोलल्या?" एवढंच म्हणाला. मिंझाला रडायचं होतं, पण पट्ट्यामुळे मान खाली घालता येईना. ती तशीच, समोर बघत रडली.

आता सिकुधानीबद्दल सांगायला हवं. सिकुधानी किनाऱ्याकडची, झारामो जमातीची. नवरा बंदरावर कारकून. ती सकाळी नारळाच्या दुधातले तांदळाचे गोड वडे तळून विकते आणि दिवसभर तोंड चालवते. सुकुमा आणि झारामो यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं आहे. त्यांनी एकमेकांना काहीही बोलावं, अगदी मयताच्या घरीसुद्धा, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावलं तर नाकच कापलं. थट्टेतल्या माणसाने तुमची वस्तू उचलून नेली तरी चोरी नव्हे, तो त्याचा हक्क. मिंझा आणि सिकुधानी या हक्काने वीस वर्षं एकमेकींच्या जमातीचा उद्धार करत आल्या होत्या. पण अपघातानंतर सिकुधानी गप्प झाली होती. दारात यायची, वडे ठेवायची, निघून जायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "त्या सगळ्या इतक्या चुकचुकतात, मला शिरायला फटच मिळत नाही."

फोनच्या दुसऱ्या दिवशी ती आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "ऊठ गं, बैलांच्या राणी. मोठ्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक बाई आहे म्हणे. चल."

"दालादालात मी बसणार नाही."

"मग चालत जाऊ. सुकुमांना काय, गुरांमागे चालायची सवयच आहे."

त्या चालत गेल्या. तिथे काय झालं ते मला सिकुधानीने नकलांसकट सांगितलं, आणि मिंझाने नंतर दुरुस्त केलं. त्या दोघींच्या मधलं जे उरलं ते असं.

फिजिओथेरपिस्ट देवोता तिशीची, बारीक अंगाची. तिने मानेला आधी हातच लावला नाही. स्टूल ओढून समोर बसली.

"मावशी, काय झालं ते सांगा."

मिंझाने कोंबडीपासून सुरुवात केली. देवोताने थोडं ऐकलं आणि हळूच विचारलं, "हे किती जणांना सांगितलंत?"

"गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा पाठ आहे," सिकुधानी म्हणाली.

देवोता हसली नाही, पण तिचे डोळे हसले. मग तिने एकेक विचारायला घेतलं. सुरुवातीच्या दिवसांत किती दुखत होतं? मिंझा म्हणाली, नकोसं झालं होतं, इतकं. आधी कधी मान दुखायची का? मान नाही, पण पावसाळ्यात डोकं ठणकायचं, मानेपासून वर. झोप? कूस बदलायची भीती वाटते, म्हणून जागीच असते. हॉर्न वाजला की?

"आज उतारभर चालत आलोय," सिकुधानी म्हणाली. "दर हॉर्नला हिने माझा दंड धरला. बघा, वळ उठलेत."

"आणि मावशी, तुम्हाला काय वाटतं? ही मान बरी होईल?"

"नाही व्हायची."

"कशावरून?"

"सगळे सांगतात ना."

देवोताने तिचा पंजा दाबून पाहिला, कोपरावर छोट्या हातोडीने टिचकी मारली, पट्टा सोडून मानेभोवती बोटं फिरवली, फोटो उजेडाला धरून पाहिला. मग परत स्टुलावर बसली.

"फोटोत तुमची मान माझ्या मानेसारखीच आहे. असा हिसका बसला की बऱ्याच जणांची मान काही आठवड्यांत, काही महिन्यांत सुटते. काहींची नाही सुटत. कुणाची सुटणार नाही, हे फोटो सांगत नाही. म्हणून मी हे सगळं विचारते. ज्यांना पहिल्या दिवसांतच फार दुखतं, ज्यांचं आधीपासून काही दुखत असतं, ज्यांची झोप उडते, हॉर्नने छातीत धस्स होतं, त्यांच्याकडे मला जास्त लक्ष द्यावं लागतं. आणि ज्यांनी मनाशी धरलंय की आता हलवलं तर तुटेल, आता हे कायमचंच, त्यांच्याकडे तर फारच."

मिंझाचा चेहरा पडला. "म्हणजे मी सोंग करतेय?"

"नाही हो, मावशी!" देवोता पटकन पुढे झुकली. "दुखतंय ते खरं आहे. भीतीही खरी आहे. दुखतं म्हणून तुम्ही मान हलवत नाही, हलवत नाही म्हणून ती आखडते, आखडली की अजून दुखतं, आणि मग तुम्हाला वाटतं, बघा, लोक म्हणत होते तेच झालं. धक्का बसला तो आता परत घेता येणार नाही. पहिल्या आठवड्यात दुखलं तेही नाही. पण हे पुढचं आपल्याला बदलून बघता येतं. नक्की बरी होईल असं मी लिहून देणार नाही. पण होण्यासारखी आहे."

मग तिने करून दाखवलं. हनुवटी हळू डावीकडे, हळू उजवीकडे. जेवढी जाते तेवढी, उद्या त्याहून एखादा केस जास्त. घरात पट्टा काढायचा, मग बाहेरही. थोडं दुखेल, त्याने काही तुटत नाही. हात बधिर झाले, पायांतला जोर गेला, तर मात्र त्याच दिवशी यायचं. निघताना ती म्हणाली, "डोक्यावर घ्यायचं असेल तर आधी नुसती चुंबळ घ्या. रिकामी. आणि कुणी काय झालं विचारलं, तर अपघात सांगू नका. आज काय केलंत ते सांगा."

चढ चढताना मिंझा एकदाच बोलली. "पोर चांगली आहे. पण तिला आमची रीत ठाऊक नाही. कुणी पोले म्हणायला आलं तर काय सांगू, आज मी हनुवटी हलवली?"

पट्टा तिने काढला नाही. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. न्क्विंबा आजी दिवसातून कितीदा तरी दारावरून जायच्या आणि पट्टा आहे ना, हे बघून समाधानाने मान डोलवायच्या. वडील माणसाने मनापासून दिलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत कशी काढून ठेवायची? आणि परत कशी करायची? "आजी, तुमचा पट्टा नको," हे वाक्य सुकुमा बाईच्या तोंडून निघत नाही. ती त्यापेक्षा जन्मभर मान दुखवून घेईल. आमच्या गल्लीत तरी ती तसंच करेल.

हे सिकुधानीने ओळखलं होतं. झारामो असल्यामुळे तिला ते दिसलं असावं. आम्हा बाकीच्यांना त्यात दिसण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी, सकाळी. मिंझा अंगणात तोंड धूत होती. पट्टा तेवढ्यापुरता काढून अंगणाला लागूनच्या खडकावर ठेवलेला. मी आणि आजी बाकावर डाळ निवडत होतो, आजींची शेळी नेहमीप्रमाणे बाकाखाली. सिकुधानी वड्यांची टोपली घेऊन आली, टोपली खाली ठेवली, पट्टा उचलला.

"झारामोंचा हक्क!" ती ओरडली.

"ए! ठेव तो!" मिंझाच्या तोंडभर साबण.

"का ठेवू? सुकुमांच्या माना बैलांच्या. बैलाला कशाला पट्टा? ज्याला गरज आहे त्याला देते." आणि तिने तो शेळीच्या गळ्यात अडकवला.

शेळी क्षणभर उभी राहिली. तिने आमच्याकडे असं पाहिलं, की अगदी हेडमास्तर. मग उडी मारून ती खडकावर चढली.

"अगं धरा तिला! सिकुधानी, नारळचोर मेली! तिकडे गेली, तिकडे, त्या मोठ्या खडकामागे! आता इकडे आली बघ, माझ्या डावीकडे! आजी, तुमची शेळी!"

"माझ्या शेळीला काय बोलतेस, तिने मागितला होता का?" आजी ओरडल्या, पण त्यांचं पोट हलायला लागलं होतं. शेळी या खडकावरून त्या खडकावर. पट्टा एका कानावर आलेला. मिंझा साबणाच्या तोंडाने हातवारे करत, इकडे, तिकडे, वर. मी डाळ सांडली. आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी शेळी वरच्या खडकावर निवांत बसली आणि पट्ट्याचं सुटलेलं टोक चावायला लागली. स्पंजचे तुकडे खाली पडू लागले.

सिकुधानी हसत नव्हती. ती मिंझाकडे बघत होती.

"कुल्वाची आई," ती म्हणाली, "शेळी आधी कुठे होती म्हणालीस?"

"तिथे. डावीकडे." मिंझाने मान वळवून दाखवलं, आणि वळवता वळवता थांबली. तिचा हात मानेवर गेला. दुखलं असणार, तिच्या तोंडावर दिसलं. ती तशीच उभी राहिली, अर्धी वळलेली. साबण वाळून चेहरा पांढरा झाला होता.

"दुखतंय?" सिकुधानीने विचारलं.

"दुखतंय की! गधडे." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं, "पण तुटलं नाही."

मग सगळ्यांनी आजींकडे पाहिलं. आजींनी डोळे पुसले, वर बसलेल्या शेळीकडे पाहिलं. पट्टा आता पट्टा राहिला नव्हता.

"माझीच शेळी," आजी म्हणाल्या. "माझाच पट्टा. यात कुणी कुणाला काही बोलायचं कारण नाही." त्या उठल्या, मिंझाजवळ गेल्या, आणि कांग्याच्या टोकाने तिच्या गालावरचा साबण पुसला. "बघू, पुन्हा वळव."

त्या दिवसापासून गल्लीची रीत जराशी सरकली. मोडली म्हणता येणार नाही. लोक पोले म्हणायला येतच होते, पण सिकुधानी वड्यांची कढई मिंझाच्याच दाराशी आणून बसली होती. कुणी म्हणायला लागलं, "माझ्या मामेभावाचं...", की ती झारा वर करायची. "मामेभाऊ बाहेर ठेवा. आत फक्त माणसांनी यायचं." आजींनी तर फतवाच काढला, की मिंझाला ट्रकबद्दल कुणी विचारायचं नाही, आणि आलेल्या प्रत्येकाने तिच्याकडून काहीतरी काम करून घ्यायचं, छोटं का होईना. दळण चाळून दे, मुलाला टोपी घाल, वरच्या दोरीवरून कपडे काढ.

सगळं सरळ झालं असं नाही. रिकामी चुंबळ डोक्यावर ठेवून ती अंगणात फिरायची तेव्हा लहान मुलं मागून नक्कल करायची, आणि ते तिला चालायचं. पण रिकामं घमेलं ठेवलं त्या दिवशी तिची मान अशी धरली, की ती दोन दिवस पडून राहिली. मबुला म्हणाला, "पट्टा शिवून आणू का नवा?" तिने त्याच्याकडे बघितलं फक्त. नंतर देवोताकडे गेली. देवोता म्हणाली, असं होतं, मागे दोन पावलं या आणि पुन्हा निघा, थांबू नका. तिकडून येताना सिकुधानीने तिला दालादालात बसवलं. पुढच्या हॉर्नला मिंझाने तिचा दंड धरला. त्याच्या पुढच्या हॉर्नला धरला नाही. सिकुधानी म्हणाली, त्याआधीच दंड बधिर झाला होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

झोप परतली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. अर्धी बादली आली, मग पाऊण. आणि एक दिवस मी पाहिलं, ती कोळसेवाल्याशी भांडत होती आणि तिचे दोन्ही हात हवेत होते.

विहीणबाई ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आल्या. मुद्दाम असणार. आम्ही अंगणातून वाट बघायलाही लागलो नव्हतो. मिंझा भरलेली बादली डोक्यावर घेऊन चढ चढत होती, तिच्या पुढे दहा पावलांवर मी माझी कळशी घेऊन. मागून आवाज आला, "कुल्वाच्या आई!"

ट्रक आला होता त्याच बाजूने, मागून. मी वळून पाहिलं. मिंझा थांबली होती. आधी तिची मान वळली, थोडीशी, बादलीखाली जेवढी वळते तेवढी. मग खांदे, मग पाय. खाली विहीणबाई उभ्या, हातात बोचकं, आणि त्यांच्यामागे धापा टाकणारी कुल्वा, पोटावर हात ठेवून.

विहीणबाई वयाने मोठ्या. मिंझा गुडघ्यात वाकली. पूर्ण वाकली. बादली हलली. पाणी काठावरून सांडलं, तिच्या खांद्यावरून कांग्यावर आलं, आणि तिचा उजवा हात वर जाऊन बादलीच्या काठाला टेकला. मग ती हात तसाच ठेवून उभी राहिली.

विहीणबाईंनी तो हात पाहिला. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"पोले हो, कुल्वाच्या आई," त्या म्हणाल्या. प्रत्यक्ष भेटून अजून म्हटलं नव्हतं ना. "त्या दिवशी काय झालं, सगळं सांगा मला."

वरच्या वळणावर सिकुधानी कढईशेजारून उठून उभी राहिली होती. न्क्विंबा आजी दारात आल्या होत्या. विहिणीला थोडंच कुणी झारा दाखवणार?

"काय सांगायचं!" मिंझा म्हणाली. मोकळा हात तिने हवेत उडवला. "सकाळी पिंप अर्धं भरलं, आता ही बादली. कोंबडी कापायची आहे, पण तुम्ही उद्या येणार होतात म्हणून ती अजून मोकळी फिरतेय. तुम्हीच धरा तिला. कुल्वा, त्या दगडावर टेक जरा, चढ संपलेला नाही."

विहीणबाई बघत राहिल्या. मग त्यांनी हातातलं बोचकं डोक्यावर ठेवलं आणि एक हात वर करून ते धरलं.

"मीही हात लावते आताशा," त्या म्हणाल्या. "चला. पुढे व्हा तुम्ही, मला वाट माहीत नाही."

दुसऱ्या दिवशीच्या फेरीबोटीने त्या एकट्याच परत गेल्या. बोचकं इथेच राहिलं, त्यात बाळाची दुपटी होती. मिंझा त्यांना धक्क्यापर्यंत पोचवून आली, येताना दालादालाने आली, आणि उतरल्या उतरल्या तिने कंडक्टरशी भांडण काढलं, कारण तो मागे दोन माणसं जास्त कोंबत होता.

अजूनही थंड सकाळी ती डावीकडून मान चोळते. घमेलं डोक्यावर असलं की एक हात काठाला असतो. नव्या सुना आता चुंबळीबद्दल विचारत नाहीत. पण परवा कुल्वाचं बाळ अंगणात रांगता रांगता शेळीमागे खडकाकडे निघालं, तेव्हा मिंझाने घमेल्याखालून मान वळवली आणि ओरडली, "अगं सिकुधानी, धर त्याला! तुझी नारळाची अक्कल शिकायला चाललंय पोर!" दोन्ही हात पुढे झाले होते. घमेलं जागच्या जागी होतं. तिच्या ते लक्षातही आलं नाही, आणि आम्ही कुणी तिला सांगितलंही नाही.